गांधीलमाशीचा प्रश्न

'हा माझा भाऊ.' मराठीत एवढ्यावर भागतं, 'आहे' नाही जोडलं तरी चालतं. अरबीत वर्तमानकाळात जोडायला 'आहे' नसतंच. नामाने सुरू होणाऱ्या अशा वाक्यात ज्याच्याविषयी बोलायचं तो 'मुब्तदा' आणि जे सांगायचं ती 'खबर' (हो, आपल्या बोलण्यातली खबर तीच). दोन्हींच्या शेवटी साधारणतः उकार.

हा उकार येतो कुठून? क्रियापद असतं तर त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं. बसऱ्याचे वैयाकरण म्हणत, मुब्तदाला तो आरंभी असण्यामुळेच मिळतो. कूफ्याचे म्हणत, दोन्ही पदं एकमेकांना तो देतात. बाराव्या शतकात इब्न अल-अन्बारीने या दोन गावांचे 121 वाद एका ग्रंथात नोंदवले. वाद पुस्तकी वाटतात खरे, पण त्यातल्या एकाने माणूस देशोधडीला लावला, असं परंपरा सांगते.

सीबवैह हा मूळचा इराणी, बसऱ्यात खलीलचा शिष्य. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बगदादला आला. वजीर याह्या बरमकीच्या दरबारात कूफ्याच्या अल-किसाईने त्याला एक वाक्य घातलं: मला वाटायचं, विंचवाचा डंख गांधीलमाशीपेक्षा जहाल, पण बघतो तर हा म्हणजे तोच! शेवटच्या तुकड्यात 'हुव हिय' म्हणायचं की 'हुव इय्याहा'? 'हिय' हे कर्त्याचं रूप, 'इय्याहा' कर्माचं. सीबवैह म्हणाला, फक्त 'हिय', कारण ती खबर आहे. किसाई म्हणाला, दोन्ही चालतं.

निवाड्याला दाराशी थांबलेले बदाऊनी अरब बोलावले गेले. भाषा शुद्ध ती त्यांचीच, अशी सर्वांची श्रद्धा. त्यांनी किसाईला कौल दिला. ते फितवलेले होते, असं बसऱ्याची बाजू सांगते. सीबवैह म्हणे इतकंच म्हणाला, त्यांना ते उच्चारायला सांगा, जीभ वळणार नाही. कथा हरलेल्या पक्षाने जपलेली, तेव्हा ती थोडी हातचं राखूनच ऐकावी. पण नियम आणि साक्ष यांच्यात भांडण लागलं तर कोणाचं ऐकायचं, हा पेच मात्र खरा होता.

याह्याने दहा हजार दिरहम देऊन त्याची बोळवण केली. तो बसऱ्याला न परतता इराणकडे गेला आणि अकालीच वारला. मागे उरलेल्या त्याच्या ग्रंथाला नावही नव्हतं. लोक त्याला नुसतं 'अल-किताब' म्हणू लागले.