शरणागत की शत्रू? : देवळालीची छावणी आणि जर्मन ज्यू निर्वासित

नाशिक रोड स्थानकातून मुंबईच्या दिशेने निघालेल्या गाडीला पहिले स्थानक लागते ते देवळालीचे. विलायतेहून येणाऱ्या व मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा मुक्काम म्हणून हे लष्करी ठाणे ब्रिटिश अमदानीत सर्वश्रुत होते. १९४१ साली काही महिने येथे तारांच्या कुंपणाआड निराळीच वस्ती होती. अहमदनगरच्या छावणीत ठेवलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन नजरकैद्यांना येथे आणण्यात आले आणि त्याच वर्षी त्यांची रवानगी डेहराडूनला झाली. पुढे तिबेटात पोचलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांपैकीच एक. १९३८ पासून तो नाझींच्या एसएस संघटनेचा सभासद होता. मात्र ज्या युद्धकालीन हुकमांनी हारर कैदेत पडला, त्याच हुकमांच्या कक्षेत नाझींच्या भयाने हिंदुस्थानात आलेले ज्यूही सापडले. या विसंगतीचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर जर्मन ज्यूंचा लहानसा ओघ मुंबईकडे वळला. त्यांच्या साहाय्यार्थ १९३४ साली मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाचा घास घेतला गेला, नोव्हेंबरमध्ये जर्मनीभर सिनेगॉगे जाळण्यात आली, आणि प्रवेशाची मागणी वाढली. सरकारची मुख्य चिंता निर्वासित राज्यावर भार होतील ही होती. म्हणून निर्वाहाची हमी हा प्रवेशाचा कळीचा मुद्दा बनला. ती हमी उभी करणे हेच असोसिएशनचे खरे कार्य होय. मुंबईतील काही वैद्यकीय व्यावसायिकांनी परदेशी ज्यू डॉक्टरांच्या आगमनास विरोध केला. उलट कुशल ज्यू तज्ज्ञांचा देशाने उपयोग करून घ्यावा, असे जवाहरलाल नेहरूंचे मत होते. असे असूनही प्रत्यक्ष आश्रय मिळालेल्यांची संख्या युरोपातील संहाराच्या मानाने नगण्यच राहिली.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि पारपत्र हाच निष्ठेचा पुरावा ठरला. जर्मन पारपत्र बाळगणारा तो शत्रुदेशीय, मग त्या पारपत्रावर नाझींनीच ज्यूत्व दर्शविणारे लाल अक्षर उमटविलेले का असेना! पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने प्रत्येकाची चौकशी केली व बहुतेक ज्यूंची सुटका झाली; परंतु १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडताच संशयाने पुन्हा उचल खाल्ली. काहींना पुन्हा अटक झाली, तर काहींना पुरंदर व सातारा येथील छावण्यांत राहावे लागले. ऑस्ट्रियात जन्मलेले, ज्यू घराण्यातील व पुढे इस्लाम स्वीकारलेले मुहंमद असद हे तर १९३९ ते १९४५ अशी सहा वर्षे हिंदुस्थानात नजरकैदेत होते. त्याच काळात त्यांचे वडील व बहीण नाझींच्या छळछावणीत मृत्यू पावली.

कायद्याची विसंगती २५ नोव्हेंबर १९४१ रोजी पूर्णत्वास गेली. त्या दिवशीच्या फर्मानाने जर्मनीने परदेशी राहणाऱ्या आपल्या ज्यूंचे राष्ट्रीयत्वच काढून घेतले. ज्या नात्यामुळे ते येथे शत्रू गणले जात होते, ते नातेच शत्रूने तोडून टाकले होते. याच्या उलट वाल्टर काउफमान या संगीतकाराचे उदाहरण पाहावे. तो १९३४ मध्ये मुंबईस आला. १९३७ ते १९४६ या काळात तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीच्या परिचयधूनेचे कर्तृत्वही त्याच्याकडेच दिले जाते. तो ज्यू होता. पण जन्म कार्ल्सबादचा असल्याने नागरिकत्व चेकोस्लोव्हाकियाचे. युद्धानंतर तो इंग्लंडमार्गे कॅनडात व पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. तसेच १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तीत शाळा होत्या, चर्च होते. त्यांचे राष्ट्र मित्रपक्षात होते. अशा रीतीने निर्वासिताचे दुःख नव्हे, तर त्याच्या मागे उरलेल्या राष्ट्राचे नाव त्याचे भवितव्य ठरवीत होते.

सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निर्वासिताच्या वेषात हेर येणे अशक्य नव्हते आणि युद्धाच्या धामधुमीत प्रत्येकाची पारख करणे कठीण होते. पण पारख शक्य होती, हे १९३९ च्या चौकशीनेच सिद्ध केले होते. दोष चौकशीचा नव्हे. चौकशीतून जे निष्पन्न झाले ते भयाच्या पहिल्याच झुळुकीसरशी विसरण्याचा होय.

हा धडा जगाने उशिरा का होईना, शब्दबद्ध केला. कोणत्याही सरकारचे संरक्षण नसलेल्या निर्वासिताला केवळ शत्रुराष्ट्राच्या कायदेशीर नागरिकत्वावरून शत्रू मानू नये, असे १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराचे ४४ वे कलम सांगते. भारताने हा करार १९५० मध्ये स्वीकारला. आश्रय देणे आणि विश्वास ठेवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली झाली की दुसरी आपोआप होते, असे समजणाऱ्या अभ्यासकाने नाशिक रोडच्या पुढच्या स्थानकावर क्षणभर उतरावे.