शिवणरेषांची आखणी, गडद पतंगकापडावरील

कापडी पतंगाचे तुकडे कोठे जोडायचे व कड कोठे दुमडायची हे दाखवण्यासाठी काळ्या, गर्द निळ्या अशा कापडावर केलेली आखणी. भारतातील कागदी पतंग चिकटवून बनतो. डेल्टा, पेटी-पतंग व दोन दोऱ्यांचे कसरती पतंग मात्र बहुधा रिपस्टॉप नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे शिवतात. हे कापड हलके, घट्ट विणीचे व सामान्यतः लेप दिलेले असते.

साधने : गडद कापडावर शिसपेन्सिलीची रेघ नीट दिसत नाही. त्यामुळे पांढरी किंवा चंदेरी रंगीत पेन्सिल वापरतात. तिची रेघ बारीक उमटते. शिंप्याचा खडू किंवा साबणाची धारदार चिपटीही चालते. पण गुळगुळीत लेपावरून खडू लवकर झडतो आणि रेघ जाड येते. दातेरी चाक टाळतात, कारण त्याच्या टोकांनी कापडाला भोके पडतात.

पद्धती : कापड ताण न देता सपाट पसरून पुठ्ठ्याच्या साच्याभोवती रेघ ओढतात. शिवणीसाठी साधारण ६ ते १० मिमी. माया सोडतात. साच्यातच माया धरून तापलेल्या टोकाने कापड कापल्यास कडा वितळून बंद होतात व उसवत नाहीत. मग कापलेली कड यंत्राच्या दाबपट्टीला समांतर ठेवून शिवतात, रेघ लागत नाही. रंगीत तुकड्यांच्या नक्षीकामात फिके कापड वर ठेवून त्यावरच नक्षी आखतात. सर्व थर एकत्र शिवल्यावर नको असलेले थर कापून काढतात.