20 मिलिमीटरच्या भोकातून श्वास घेणारं रेसिंग इंजिन कसं बांधतात आणि तपासतात?

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा-वसमतच्या शिवारात चालणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला साधारण 2000 फेऱ्या मारतं. मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं ज्या इंजिनापायी रात्री जागवतात, ते 9000 पर्यंत जातं. ते बहुतेक वेळा चाकणला बनलेलं असतं.

फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेत विद्यार्थी रेसिंग कार स्वतः डिझाइन करून, बांधून पळवतात. आपल्याकडे फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. मुंबईतून सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग इंडिया, व्हीजेटीआय असे संघ त्यात उतरलेत. इंजिन 710 सीसीपर्यंतचं चालतं. ते मुळापासून कुणी ओतत बसत नाही, मोटरसायकलचं घेतात आणि बदलतात. भारतीय संघांचं आवडतं म्हणजे 2013 पासून बजाजच्या चाकण कारखान्यात बनलेलं केटीएम 390 चं 373 सीसी, एक सिलिंडरचं इंजिन. मूळ ताकद सुमारे 43 अश्वशक्ती.

आता खरी गोम. नियमानुसार पेट्रोल इंजिनाने सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून घ्यायची. या भोकाला रेस्ट्रिक्टर म्हणतात. हवेचा वेग तिथे ध्वनीच्या वेगाला पोहोचला की प्रवाह तुंबतो, मग कितीही ओढा. हिशेब केला तर ही मर्यादा सेकंदाला साधारण 74 ग्रॅम हवा इतकी येते. 9000 फेऱ्यांवर आपल्या इंजिनाची सरासरी गरज 33 ग्रॅमच्या आसपास. मग अडचण कसली?

अडचण अशी, की सिलिंडर एकच आहे. चार स्ट्रोकपैकी एकातच तो हवा ओढतो, म्हणजे त्या क्षणी मागणी चौपट, 130 ग्रॅमच्या घरात. म्हणून भोक आणि इंजिन यांच्यामध्ये हवेची टाकी बसवतात. तिला प्लेनम म्हणतात. उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये ती भरत राहते. गावातल्या पाण्याच्या टाकीचंच तत्त्व. टाकी फार मोठी केली तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन उशिरा प्रतिसाद देतं, लहान केली तर वरच्या फेऱ्यांवर धापा टाकतं.

तेलाचा प्रश्न मला याहून मजेशीर वाटतो. मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे इंजिनातलं तेल तळाशीच राहतं. कार झुकत नाही. तेच इंजिन कारमध्ये टाकलं की वळणावर तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग काही क्षण कोरडं फिरतं. एवढ्यानेही इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून तेलाच्या तळपात्रात आडवे पडदे बसवतात किंवा तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी ड्राय संप रचना करतात.

हवेचा मार्ग बदलला म्हणजे कंपनीचं इंधनाचं गणितही बाद. नवा ईसीयू लावून प्रत्येक फेरीसंख्येला आणि थ्रॉटलला किती पेट्रोल, ठिणगी कधी, हे नव्याने ठरवावं लागतं. हे काम डायनोवर होतं. डायनो इंजिनावर ब्रेकसारखा भार टाकतो आणि टॉर्क मोजतो. टॉर्क गुणिले फेऱ्या भागिले 9549 म्हणजे किलोवॅट. 7000 फेऱ्यांवर 35 न्यूटन-मीटर मिळाले तर सुमारे 25.7 किलोवॅट, म्हणजे 35 अश्वशक्ती. पुण्यात 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआय संस्थेत वाहन कंपन्यांच्या इंजिनांची तपासणी याच तत्त्वावर होते. गाडीची चाकं रोलरवर फिरवून मोजलं तर आकडा थोडा कमी येतो, कारण साखळी आणि टायर आपला वाटा खातात.

डायनोवर नजर दोन गोष्टींवर. हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण 14.7 ला 1, पण पूर्ण ताकदीसाठी ते साडेबारा-तेराच्या आसपास ठेवतात. जास्तीचं पेट्रोल ज्वलनकक्षाला थंडही ठेवतं. दुसरी म्हणजे नॉकिंग. ठिणगी फार लवकर पडली की मिश्रण आपोआप भडकतं, टकटक ऐकू येते आणि पिस्टन वितळायची वेळ येते.

एवढं करूनही कस लागतो तो एंड्युरन्समध्ये. 22 किलोमीटर धावायचं आणि सर्वाधिक गुण त्यालाच. मध्यावर चालक बदलतो तेव्हा इंजिन बंद करावं लागतं. काही मिनिटांत तेच तापलेलं इंजिन स्टार्टरवर पुन्हा सुरू झालं नाही, तर गाडी तिथेच बाद.