किटलीवरची राणी आणि गणेशखिंडीतली रात्र

मी मारेगावहून बोलतोय. आजचा विषय आहे चहाची किटली. पण साधी नाही बरं का, मुकुटाची नक्षी आणि १८९७ साल छापलेली.

१८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली. आज आपण वाढदिवसाला फोटो छापलेला कप देतो ना, तसं ब्रिटनभर आठवणीची भांडी निघाली: कप, बशा, किटल्या. स्कॉटलंडही यात होतं. तिथल्या कर्कॉल्डीच्या फाइफ पॉटरीत 'वेमिस वेअर' बनायचं. बोहेमियाहून आलेला कारेल नेकोला तिथे हातानं गुलाब, चेरी, कोंबडे रंगवायचा आणि पोरांनाही शिकवायचा. राणीच्या ज्युबिलीसाठी तिथून मोठे प्याले निघाले.

ग्लासगोतल्या बेल कंपनीची रीत वेगळी. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, त्यात रंग भरायचा, तो पातळ कागदावर उचलायचा आणि कागद भांड्यावर दाबायचा. वरून झिलई दिली की भांडं भट्टीत. एका पत्र्यातून ढीगभर बशा! हा माल जहाजानं पार आग्नेय आशियात विकला जायचा. कोळसा तिथलाच, पण पांढरी माती यायची इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून.

आता आपल्याकडे या. तेव्हा आपला जिल्हा 'वणी जिल्हा' होता. यवतमाळ हे नाव १९०५ ला आलं. देशात दुष्काळ होता आणि पुण्यात प्लेग. तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत होते, लोक संतापले होते. २२ जून १८९७ ला लंडनमध्ये राणीची मिरवणूक निघाली. त्याच रात्री पुण्याच्या गणेशखिंडीत, ज्युबिलीच्या मेजवानीहून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली.

म्हणून मला ही भांडी महत्त्वाची वाटतात. त्यांच्यावर मुकुट आहे, फुलं आहेत, तारीख आहे. प्लेग नाही, दुष्काळ नाही. आठवण काय ठेवायची हे बनवून घेणारा ठरवतो. भांडं खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतं. उरलेलं अर्धं आपण शोधायचं.

पुढे ते कारखानेही टिकले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी बाजार गेले, स्वस्त मालाशी स्पर्धा वाढली. १९३० च्या सुमारास फाइफ पॉटरी बंद पडली. राणीचं नाव जपणाऱ्या कारागिरांची नावं मात्र फारशी कुणाला आठवत नाहीत.

आपल्या कुंभारांचं वेगळं काय झालं? प्लास्टिक आणि स्टील आलं, चाकं थांबली. तरी वणीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की भद्रावती लागतं. तिथे स्वातंत्र्यानंतर कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा करून कुंभारांना चिनी मातीची नवी कला शिकवली. हाही इतिहासच आहे, फक्त त्यावर मुकुट नाही.

तर एक काम करा. घरातली जुनी बरणी, कप, बशी उलटी करून तळ बघा. शिक्का दिसला तर फोटो काढा आणि आजीला विचारा, हे कुठून आलं? उत्तर मलाही कळवा. भेटू पुढच्या भागात!