पाश्चरचे डावे अंग

लुई पाश्चर म्हटले की पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस आठवते. वर्गात ही गोष्ट सांगताना मी एक तपशील मुद्दाम घालतो : १८८५ साली ती लस पहिल्या मुलाला टोचली गेली, तेव्हा पाश्चरांचे डावे अंग सतरा वर्षांपासून अधू होते.

तो दिवस १९ ऑक्टोबर १८६८ चा. सकाळपासून डाव्या अंगाला मुंग्या येत होत्या, तरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत निबंध वाचायला ते गेलेच. रात्री अर्धांगवायूने गाठले. वय अवघे पंचेचाळीस. डॉक्टरांनी कानांमागे जळवा लावल्या. त्या काळी याहून अधिक ते काय करणार?

एका बाबतीत मात्र दैव अनुकूल होते. घाव मेंदूच्या उजव्या भागात पडला होता. बहुतेकांच्या वाणीचे ठाणे डाव्या भागात असते, हे त्याच पॅरिसात पॉल ब्रोका यांनी १८६१ पासून दाखवायला आरंभ केला होता. पाश्चरांचा हात गेला, पाय गेला. शब्द शाबूत राहिले. आठवडाभरातच त्यांनी अंथरुणातून रेशीमकिड्यांवरचे टिपण शिष्याला सांगून लिहविले.

इजा कोठे झाली, केवढी झाली, वय काय, हे शरीराचे गणित. परंतु माणूस सावरतो तो एवढ्यावरच नव्हे. पाश्चरांसाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. ते आता जगत नाहीत असे धरून काम थांबविण्यात आले. जगाने आपल्याला हिशेबातून वजा केले, हे आजाऱ्याला कळणे म्हणजे दुसरा झटकाच! गोष्ट सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानी गेली आणि काम पुन्हा सुरू झाले. तीन महिन्यांत पाश्चर रेशीमकिड्यांच्या कामासाठी दक्षिण फ्रान्सला निघाले. पत्नी मारी लेखणी घेऊन बसत, ते सांगत. त्यातून १८७० साली ग्रंथ निघाला.

आज गुठळीने आलेल्या झटक्यावर पहिल्या साडेचार तासांत देण्याचे औषध आहे, म्हणून रुग्णालय तातडीने गाठावे. पुढे पुन्हापुन्हा केलेल्या सरावाने मेंदूचे शाबूत भाग गेलेली कामे थोडीफार शिकतात. तो सराव करवून घ्यायला मात्र जवळ माणूस लागतो.

सम्राट सर्वांनाच लाभत नाही, वाचकहो! पण या दिवाळीत तुमच्या घरी आतल्या खोलीत असे कोणी असेल, तर फराळाची ताटली आत पाठवून थांबू नका. त्यांची खुर्ची बाहेर आणा, आणि चिवड्यात मीठ बरोबर पडले की नाही, हे त्यांनाच विचारा.