पद, चाल आणि तालीम: संगीत नाटकाच्या कर्त्यांचे शिक्षण

संगीत नाटकाचा इतिहास मराठीत बहुधा गायक-नटांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ या नावांभोवती त्याची कालविभागणी होते. वाङ्मयेतिहास या नाटकांची संहिता विचारात घेतो आणि पदांना काव्यगुणाच्या कसोटीवर तपासतो. संगीताचा इतिहास हीच पदे राग आणि घराणे यांच्या संदर्भात पाहतो. या दोन्ही इतिहासांच्या मध्ये एक प्रश्न जवळजवळ अस्पर्श राहिला आहे. पद रचणारा नाटककार आणि चाल बांधणारा संगीतकार आपापले काम कोठे आणि कोणाकडून शिकले, हा तो प्रश्न होय.

पाश्चात्त्य ऑपेरातही कृतीचे कर्ते दोन असतात: शब्दरचनाकार आणि स्वररचनाकार. त्यांना एकत्र घडवण्याची जबाबदारी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काही संस्थांनी जाणीवपूर्वक उचलली. लेहमन एंगेल यांनी न्यूयॉर्क येथे १९६१ साली सुरू केलेल्या कार्यशाळेत संगीतिकेचे नवे गीतकार व संगीतकार यांच्या जोड्या लावून त्यांच्याकडून नेमून दिलेले प्रसंग लिहून घेतले जात. त्याच शहरात २००५ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन लिरिक थिएटर'ने ऑपेराच्या नव्या लेखक-संगीतकारांच्या शिक्षणालाच आपले मुख्य कार्य मानले. शब्द आणि स्वर यांचा नाट्यातील संबंध ही शिकवता येण्याजोगी विद्या आहे, हे गृहीतक या प्रयत्नांच्या मुळाशी दिसते. मराठी संगीत नाटक म्हणजे ऑपेरा नव्हे. त्यात गद्य संवाद आणि पद यांची आलटूनपालटून योजना असते, आणि पदाचा पुष्कळसा विस्तार रंगमंचावर नटाच्या गळ्यात घडतो. तरीही वरील गृहीतक मराठी रंगभूमीने कधी स्वीकारले होते काय, हे पाहणे उद्‌बोधक ठरते.

१

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ठायी सर्व कर्तृत्व एकवटलेले होते. संहिता त्यांची, पदे त्यांची, चालींची निवड त्यांची आणि तालीमही त्यांचीच. साकी, दिंडी, कामदा ही कीर्तनातून व आख्यानकाव्यातून परिचित असलेली वृत्ते, लावणीची वळणे, कानडी पदांच्या चाली आणि हिंदुस्थानी रागांतील चिजा अशा अनेक स्रोतांतून त्यांनी आपले संगीत उभे केले. या चाली त्यांनी बांधल्या असे म्हणण्यापेक्षा योजल्या असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. कोणत्या भावस्थितीला कोणते वळण साजेल, याचा विवेक ही त्यांची खरी निर्मिती होती.

या पद्धतीचा पुरावा छापील संहितांतच सापडतो. जुन्या संगीत नाटकांच्या आवृत्त्यांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून एखाद्या परिचित गीताचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. आजचा वाचक ही ओळ ओलांडून पुढे जातो. वस्तुतः ती त्या काळातील पदरचनेच्या शिक्षणाची खूण आहे. नव्या नाटककारासमोर आधी एक सिद्ध चाल असे. तिच्या मात्रा, यती, समेची जागा आणि दीर्घ स्वरावर गायकाला हवी असलेली विश्रांती हे सारे सांभाळून शब्द बसवावा लागे. गुरूशिवायही चाल स्वतःच लेखकाला शिस्त लावी.

ही शिस्त सर्वांत चांगली आत्मसात केली ती गोविंद बल्लाळ देवलांनी. बेळगावला असल्यापासून त्यांना अण्णासाहेबांचा सहवास लाभला. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत नटांना तालीम देण्याचे काम त्यांच्याकडे आले. अण्णासाहेब १८८५ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले होते. परंतु मंडळीतील लेखनाची परंपरा खंडित झाली नाही. 'मृच्छकटिक' (१८८७) आणि त्यानंतर 'शारदा' (१८९९) यांतील पदे बोलण्याच्या ओघातून सहज उगवल्यासारखी वाटतात. केवळ चालींचा सराव हे त्याचे कारण नव्हे. देवल तालीममास्तर होते. नटाच्या तोंडी गद्य संपून पद सुरू होते तो क्षण त्यांनी शेकडो वेळा समोर उभा राहून पाहिला होता. कोणता शब्द गळ्यात अडतो आणि कोणत्या शब्दावर नटाची मुद्रा विझते, हे ज्ञान ग्रंथातून मिळणारे नव्हते. ते तालमीच्या जागीच मिळत होते.

२

नाटककाराचे शिक्षण अशा रीतीने मंडळीत होत असताना संगीतकाराचे शिक्षण मात्र अन्यत्र चालू होते, आणि तेथे नाट्याचा विचार नव्हता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (१८९६) पासून पारशी-गुजराती रंगभूमीवरील चालींना मराठीत जागा दिली. चालींचे भांडार त्यामुळे वाढले, परंतु चाल बाहेरून आणण्याची रीत तीच राहिली. कोल्हटकरांना गुरुस्थानी मानणारे राम गणेश गडकरी काही काळ किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकवण्याच्या कामावर होते. त्यांच्या नाट्यभाषेवर कोल्हटकरी कोटिबाजीचा ठसा उमटला. ही गुरुपरंपरा मुख्यत्वे शब्दांची होती. गडकरी स्वतः 'गोविंदाग्रज' या नावाने मान्यता पावलेले कवी होते. असे असूनही त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील पदे वि. सी. गुर्जरांनी रचलेली आहेत, आणि सुंदराबाई जाधवांनी दिलेल्या चालींचा या पदांच्या लोकप्रियतेत मोठा वाटा आहे. मराठीतील सर्वाधिक गाजलेल्या शोकांतिकांपैकी एकीत नाट्य एकाचे, पदे दुसऱ्याची आणि चाली तिसरीच्या असाव्यात, ही घटना बोलकी आहे. पद ही नाटकापासून सुटी करून दुसऱ्याकडे सोपवता येणारी वस्तू आहे, अशी समजूत तोवर रूढ झाली होती.

संगीतकार हा स्वतंत्र कर्ता म्हणून पुढे आला तो १२ मार्च १९११ रोजी, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाने. गोविंदराव टेंबे यांचे शिक्षण या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. ते मूळचे पेटीवादक. भास्करबुवा बखल्यांची साथसंगत आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा निदिध्यास यांतून त्यांचा कान घडला. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांच्या आत्मकथनपर ग्रंथाचे नावच त्यांच्या शिकण्याची जात सांगते. साथीदाराला दुसऱ्याच्या गाण्याचा पुढचा श्वास ओळखावा लागतो. नाट्यसंगीताला नेमका हाच गुण हवा होता. टेंब्यांनी चाली पुरवाव्यात आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यांवर पदे बसवावीत, असा क्रम राहिला. म्हणजे 'चाल' या ओळीमागे आता एक जिवंत माणूस उभा राहिला, ज्याच्याशी नाटककाराला बोलता येत होते. हा बदल मोठा होता. मात्र तो दोन व्यक्तींच्या भेटीतून घडला. त्याची रीत बनली नाही.

डिसेंबर १९१६ मधील 'स्वयंवर'ने हे अधिक स्पष्ट केले. त्याचे संगीत खुद्द भास्करबुवांचे होते, आणि अनेक पदांच्या मागे ख्यालाच्या बंदिशी उभ्या होत्या. नाट्यपदाला रागविस्ताराची प्रतिष्ठा मिळाली, ती येथूनच. भास्करबुवांनी बालगंधर्वांना गाणे दिले, मास्टर कृष्णरावांना घडवले. कृष्णराव पुढे गंधर्व नाटक मंडळीचे संगीतकार झाले. गुरुशिष्यपरंपरेचे हे उज्ज्वल उदाहरण होय. तथापि या परंपरेने जे दिले ते गायन होते. बंदिश नाट्यप्रसंगात कशी बसवावी, अंकाच्या रचनेत पदाचे वजन किती असावे, पदाने प्रसंग पुढे न्यावा की थांबवावा, या प्रश्नांना तालमीत स्वतंत्र स्थान नव्हते. त्यांची उत्तरे शिष्याने पाहून पाहून मिळवायची होती.

३

या विभागणीची किंमत कोणी मोजली, हे हिराबाई पेडणेकरांच्या उदाहरणावरून दिसते. कलावंत घराण्यात जन्मलेल्या हिराबाईंना संगीताची तालीम होती. भास्करबुवांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. साहित्याचा व्यासंग तर होताच. त्यांनी 'जयद्रथविडंबन' लिहिले, आणि त्यांचे 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने १९१२ साली रंगभूमीवर आणले. शब्द आणि स्वर या दोन्ही विद्या एकाच व्यक्तीच्या ठायी शिकून आलेल्या असणे, ही त्या काळातील विरळा घटना होती. त्या गुणांना कसाला लावण्याची जागा मात्र एकच होती, ती म्हणजे नाटक मंडळी. स्त्रीच्या भूमिकाही जेथे पुरुष करीत, त्या मंडळीच्या बिऱ्हाडात आणि तालमीत स्त्री-लेखिकेला देवलांसारखे वर्षानुवर्षे वावरता येणे शक्य नव्हते. मंडळींचे चालक आणि नाटककार हिराबाईंच्या घरी येत, चर्चा करीत. हिराबाईंना मात्र तालमीचे दार उघडले गेले नाही. त्यांचे नाट्यलेखन पुढे थांबले. एका व्यक्तीची उपेक्षा एवढाच याचा अर्थ घेणे अपुरे आहे. शिक्षणाची जागा आणि व्यवसायाची जागा एकच असली, की व्यवसायाची बंधने शिक्षणालाही लागू होतात, हे यातून ध्यानात येते.

त्याच कारणाने मंडळ्या मोडल्या तेव्हा शिक्षणही मोडले. बोलपट आले, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त टेंबे स्वतः नट आणि संगीतकार होते. त्यांनी उत्तरायुष्यात 'महाश्वेता' आणि 'जयदेव' या संगीतिका रचल्या. ऑपेराच्या सर्वाधिक जवळ जाणारे हे मराठीतील प्रयत्न होत. परंतु त्यांच्यामागे शिकणारी पिढी उभी नव्हती, म्हणून ते एकाकी राहिले.

साठोत्तर पुनरुज्जीवनाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. जितेंद्र अभिषेकींना घराणेदार तालीम होती, शिवाय संस्कृत आणि साहित्याचे शिक्षण होते, आणि आकाशवाणीतील नोकरीने त्यांना वेळेच्या मर्यादेत स्वररचना करण्याची सवय लावली होती. 'मत्स्यगंधा' (१९६४) मधील पदांची आटोपशीर लांबी ही या तिहेरी शिक्षणाची फलश्रुती म्हणता येईल. मंडळीने जे द्यायचे ते येथे नभोवाणीच्या कक्षाने दिले. १९६७ साली आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'ने तर विद्यादानाचा प्रश्नच नाट्यविषय केला. घराण्याबाहेरच्या शिष्याला विद्या द्यावी की नाही, हा त्यातील संघर्ष आहे. तथापि त्या नाटकातही जी विद्या चोरून, ऐकून, झुरून मिळवायची आहे ती गाण्याची. गाणे नाटकात कसे रचावे, ही विद्या कोणी कोणाला नाकारलेली नाही, कारण ती देण्याजोगी विद्या आहे असे कोणी म्हटलेलेच नव्हते.

आज राज्य नाट्यस्पर्धेतील संगीत विभागात आणि गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेत जुन्या नाटकांचे प्रयोग निष्ठेने होतात, आणि तरुण गायक त्यातील पदे उत्तम गातात. जतन झाले ते भांडार. नवी कृती अधूनमधून येते, ती बहुधा दुसऱ्याच वाटेने. प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी' (२०१७) एकांकिकेतून वाढले, आणि आनंद ओक यांच्या संगीताने त्याला अभंग-ओवीच्या अंगाने वेगळे रूप दिले. मंडळीच्या तालमीची जागा अंशतः एकांकिकेच्या तालमीने घेतली आहे, असे यावरून म्हणता येते. परंतु लेखक आणि संगीतकार यांची गाठ येथेही योगायोगानेच पडते.

संगीत नाटकाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना बोलपट, दीर्घ प्रयोग, बदललेली अभिरुची ही कारणे नेहमी पुढे केली जातात. ती खोटी नाहीत; पण ती प्रेक्षकाच्या बाजूची आहेत. कर्त्याच्या बाजूचे कारण असे, की या परंपरेने गायकाला गुरू दिला, नाटककाराला तालीम दिली, परंतु शब्दाला स्वर भेटतो त्या जागेचा गुरू तिने निर्माण केला नाही. देवल आणि टेंबे यांना ती जागा सापडली, ती मंडळीच्या सहवासात. तो सहवास संपल्यानंतर छापील पदाच्या डोक्यावर 'चाल' ही ओळ राहिली. तिच्यापुढे दिलेले मूळ गीत आज पुष्कळदा कोणाला येत नाही.