‘स्मॅश’ : मुख्यार्थाचा बाध आणि न फुटलेली काच

इंग्रजीतील ‘स्मॅश’ हा शब्द लिखित व्यवहारात दिसू लागतो तो अठराव्या शतकात. तो ध्वन्यनुकारी असावा, असे कोशकार मानतात. मराठीतील ‘खळकन’ क्रियाविशेषणच राहिले; ‘स्मॅश’ मात्र क्रियापद झाले आणि फोडणाऱ्या कर्त्याला त्यात जागा मिळाली. अमेरिकेत दारूचे गुत्ते कुऱ्हाडीने फोडणाऱ्या कॅरी नेशन यांनी १९०१ मध्ये आपल्या वृत्तपत्राच्या नावातच ‘स्मॅशर’ हा शब्द मिरवला. मार्च १९१२ मध्ये लंडनमध्ये मताधिकारवादी स्त्रियांनी दुकानांच्या काचा फोडल्या, तेव्हाही हा कर्तृत्वाचा अर्थच राजकीय झाला होता.

याच्या उलट दिशेचा अर्थविस्तारही घडत होता. पेढीचे दिवाळे, टेनिसमधील वरून हाणलेला फटका, पुढे विसाव्या शतकात तुफान चाललेले नाटक : या सर्वांना ‘स्मॅश’ म्हटले गेले, पण त्यांत प्रत्यक्ष फुटत काहीच नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही जहल्लक्षणा : मुख्यार्थ बाधित होऊन गळून पडतो, उरतो तो केवळ आवेग.

तो खरोखरच गळून पडतो काय? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मानसशास्त्राचा म्हणून साहित्यविचाराने बाजूला ठेवावा असा नाही. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत पाहिलेल्या विद्यार्थ्यांना गाड्यांचा वेग विचारला गेला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले. ‘हिट’ म्हटल्यावर सरासरी अंदाज ताशी ३४ मैल आला, ‘स्मॅश’ म्हटल्यावर ४० हून अधिक. वेगाचा हा फरक आवेगाच्या अर्थाने उलगडतो. दुसऱ्या प्रयोगात मात्र आठवड्यानंतर विचारण्यात आले, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत ती नव्हतीच. तरीही ‘स्मॅश’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला. ‘हिट’ ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी, आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्यांपैकी ६ जणांनी. (३४ जणांना ‘स्मॅश’ ऐकूनही काच दिसली नव्हती, हे उत्साही अर्थमीमांसकांनी विसरू नये.)

गाड्यांच्या टकरीपुरता वापरलेला शब्द आपला टाकलेला मुख्यार्थ, म्हणजे काचेचे फुटणे, सोबत घेऊनच आला होता. जहत् वाटणारी लक्षणा येथे अजहत् निघाली. आणि हे काव्यात नव्हे, तर ज्या साक्षीवर न्यायालये निकाल देतात तशा साक्षीत घडले. वकिलाच्या प्रश्नातील क्रियापद मग निव्वळ शैलीचा भाग राहत नाही. ते पुरावा घडवू लागते.